ज्या लग्नाला पत्रिका नसते

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानाची पायरी मोकळी राहत नाही. शेवगावात थंडी उशिरा येते, पण लग्नसराई अगदी वेळेवर येते. कापूस घरात येऊन पडलेला असतो, ज्वारी पोटऱ्यात असते, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला असतो, आणि कारखान्याच्या बाजूनं वारा सुटला की मळीचा आंबूस वास दुकानातल्या शाईच्या वासात मिसळतो. मला विचाराल तर लग्नाचा वास हाच. मोगरा-बिगरा फोटोत.

यंदाही तेच चाललंय. काल सकाळी शटर वर केलं तर तिघंजण आधीच येऊन उभे, प्रत्येकाच्या खिशात घडी घातलेला कागद. ताई, मॅटर आणलंय म्हणाले. पत्रिकेच्या मजकुराला आमच्याकडं सगळे मॅटर म्हणतात. मग नमुन्यांचे जाडजूड अल्बम उघडतात. मखमलीच्या पत्रिका, जाळीच्या पत्रिका, उघडली की आत गणपती उभा राहणाऱ्या पत्रिका. त्यांची सोनेरी चमकी बोटांना चिकटते, बोटांवरून पदराला, पदरावरून पिठात. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आमच्या घरची भाकरीसुद्धा चमकते. वडील कटिंग मशीनवर बसतात, आई घड्या घालते, मी कॉम्प्युटरवर. एवढाच आमचा कारखाना.

पत्रिका छापून छापून मला एक गोष्ट कळलीय. आमच्या भागातली पत्रिका नवरा-नवरीची नसतेच. ती भावकीची असते. निमंत्रक आले, प्रेषक आले, व्यवस्थापक आले, स्वागतोत्सुक आले, मग समस्त अमुक परिवार आणि समस्त ग्रामस्थ. वर चार पुढाऱ्यांची प्रमुख उपस्थिती, ते येवोत न येवोत. एका चुलत्याचं नाव दुसऱ्याच्या खाली गेलं म्हणून भर मांडवातून उठून गेलेली माणसं मी पाहिलीत. आणि ज्यांचं लग्न आहे ते दोघं बिचारे मध्ये कुठंतरी, गर्दीत हरवलेल्या पोरांसारखे. प्रूफ वाचताना मला कितीदा वाटतं, यांना बोट धरून बाहेर काढावं. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि विचारत असतं, ताई, आमच्या दाजींचं नाव अजून थोडं जाड होईल का. होतं की. सगळं होतं.

आज मात्र मला त्या एका लग्नसराईबद्दल बोलायचंय. दरवर्षी हा मळीचा वास आला की ती आठवते, आणि दरवर्षी माझं डोकं नव्यानं तापतं.

उज्ज्वला आमच्या दुकानात आली ती नवनाथला घेऊन. ती इथून जवळच्याच एका गावात आरोग्य उपकेंद्रावर नर्स. गावातल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन तिनंच टोचलेलं, त्यामुळं पोरं तिला बघून पळतात आणि बाया तिला बघून थांबतात. सगळे तिला सिस्टर म्हणतात. नवनाथ घोडेगावचा, वेल्डिंगचं दुकान असलेला, बोटांवर भाजल्याचे डाग, बोलायला मोकळा. अल्बम मी पुढं सरकवला तर उज्ज्वलानं तो उघडलाच नाही. म्हणाली, ताई, आमची पत्रिका याच्यात नसणार. माझं दुसरं लग्न आहे. यांचं पहिलं.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं बाईचं दुसरं लग्न म्हणजे लग्न नव्हे, पाट. पाट लावतात. विधवा असो, सोडचिठ्ठी घेतलेली असो, तिच्या दुसऱ्या वेळेला हळद नाही, मांडव नाही, वाजंत्री नाही. दिवस मावळल्यावर चार माणसं जमायची, कपाळाला कुंकू लावायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मागच्या दारानं नव्या घरी. आता पाट हा शब्द कुणी तोंडानं काढत नाही. आता म्हणतात, रजिस्टर करून टाका. देवळात हार घालून या. कशाला गाजावाजा. शब्द शहाणे झाले, अंधार आहे तिथंच आहे. आणि पत्रिका? पाटाची पत्रिका कुणी ऐकलीय का? इतक्या वर्षांत माझ्या दुकानात एकही आली नव्हती.

पुरुषाची गोष्ट निराळी. बिजवराच्या पत्रिका मी ढिगानं छापल्यात. डोक्यावर केस नाहीत, पहिल्या बायकोची पोरं दहावीला, तरी नावाआधी ऐटीत चि. आणि मागं बँड. त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तुझी हळद एकदा झालीय ना. त्याची धुऊन निघते. बाईची निघत नाही.

उज्ज्वलाला नवऱ्यानं सोडलेलं नव्हतं, तिनं नवऱ्याला सोडलं होतं. हात उचलायचा. पहिल्यांदा उचलला तेव्हा तिनं समजावलं, पुन्हा उचलला तेव्हा कडेवरची पोर आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघाली, कोर्टात रीतसर घटस्फोट घेतला, परीक्षा दिली, नोकरीला लागली. पोरीचं नाव ईश्वरी. आता ती तिसरीत होती आणि नवनाथला नव्या म्हणायची. तोही ओ द्यायचा.

तर उज्ज्वलाला काय हवं होतं ते तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पत्रिका हवी. नावाआधी चि. सौ. कां. हवं, कारण सौभाग्याची आकांक्षा तिच्याइतकी कुणाला असणार. आणि हळद हवी, तीही पत्रिकेत वेळ छापून. हे तिनं हळू आवाजात, पण शब्द न् शब्द सुटा करून सांगितलं.

"माझी हळद होणार, ताई. उन्हात होणार. पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते, मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तेव्हा सगळा गाव नाचला. आता मी माझ्या मनानं माणूस निवडलाय, तर म्हणतात दार लावून घे."

मी आईकडं पाहिलं. आई खाली सतरंजीवर बसून कुणाच्या तरी पत्रिकांना दोरे ओवत होती. तिचे हात थांबले होते. मग मान खाली घालून ती पुन्हा ओवायला लागली.

आता आईचं सांगायला हवं. माझ्या आईचा पाटच लागलाय. पहिला नवरा साप चावून गेला, तेव्हा ती पोरसवदाच होती. मग माझ्या वडिलांशी पाट लावून दिला. मला हे लहानपणी ठाऊक नव्हतं. मी तिला विचारायचे, आई, तुझ्या लग्नाचा फोटो कुठंय, तर म्हणायची, फोटूवाला आलाच न्हाई. मला खरंच वाटायचं की तो फोटोवाला लबाड निघाला. पुढं एका भांडणात चुलतीच्या तोंडून पाटाची बायको हा शब्द ऐकला आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. भावकीत हळद असली की पाच सवाष्णींमध्ये आईला कधी बोलावणं नसायचं. कपाळावर कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, नवरा धडधाकट आहे, तरी नाही. ती मागं चुलीपाशी. पुरणाला हात चालायचा तिचा, नवरीला नाही. आम्ही पत्रिकांचं दुकान काढलं तेव्हा मी आईला म्हणाले होते, तू घड्या घाल. तेव्हापासून ती आख्ख्या तालुक्याच्या लग्नांच्या घड्या घालतेय, आणि तिच्या स्वतःच्या लग्नाचा जगात कागदाचा एक कपटा नाही. मला या गोष्टीचा संताप येतो. तिला येतो की नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

त्यामुळं उज्ज्वला बोलत होती तेव्हाच मी मनात ठरवलं होतं, ही पत्रिका मी छापणार. आभाळ कोसळलं तरी छापणार.

मग काम सुरू झालं, आणि एवढ्या वर्षांत इतकी मजा मला कधी आली नव्हती. ते दोघं संध्याकाळी यायचे, ईश्वरी कॉम्प्युटरपाशी खुर्चीवर गुडघे टेकून बसायची. नुसती पत्रिका नव्हे, सगळंच आपलं आपण करायचं ठरलं. पाकीट, लाडवांच्या पुडीवर चिकटवायची चिठ्ठी, मांडवाच्या दारातली पाटी. चमकी नको, मखमल नको. मी त्यांना जाडसर, खरखरीत, फिक्या भाकरीच्या रंगाचा कागद दाखवला. उज्ज्वलानं त्यावरून तळवा फिरवला आणि हाच म्हणाली. शाई कुठली, तर कुंकवाची. शब्द कसे, तर जसे आपण दारात उभं राहून बोलतो तसे. आमच्या येथे श्रीकृपेकरून वगैरे नको. नवनाथ म्हणाला, लिहा, आम्ही लग्न करतोय, तुम्ही या. मी म्हटलं, अरे एवढं रोखठोक लिहिलं तर लोकांना बोलावल्यासारखं वाटणार नाही, दटावल्यासारखं वाटेल. त्यावर तो म्हणाला, थोडं दटावलं तर बिघडलं कुठं.

वेलबुट्टी काय काढायची यावर मात्र गाडं अडलं होतं, आणि ते सुटलं नवनाथच्या आत्यामुळं. आत्या म्हणजे त्याच्या घरातलं मोठं माणूस, आई-वडिलांच्या माघारी तिनंच त्याला वाढवलेलं. तिचा लग्नाला तसा विरोध नव्हता, पण तिनं एक अट घातली. जुनी रीत आहे, कोऱ्या नवऱ्यानं दुसरेपणाची बायको करायची तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. त्या झाडाला हळद, कुंकू, हिरवा खण, सगळं. मग ते झाड उपटून टाकायचं. म्हणजे नवरा विधुर झाला, आणि फिट्टंफाट झाली. कशी रीत आहे बघा. बाईची आणि बाप्याची बरोबरी करायला आधी एक झाड मारायचं, आणि ज्या बाईला हळद नाकारायची तिच्यादेखत ती झाडाला लावायची.

नवनाथनं हे आम्हाला हसत हसत सांगितलं. आत्याला तो म्हणाला होता, मी रुईला पसंत आहे का ते कुणी विचारलं का? आत्या रुसून बसली होती. आम्हीही हसलो. उज्ज्वला मात्र हसली नाही, विचारात पडली. मग म्हणाली, रुईचा काय दोष त्यात? शनिवारी मारुतीच्या गळ्यात चालते ना ती? मग आपण तिला लग्नाला बोलवू. पाहुणी म्हणून येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेताच्या बांधावर जाऊन रुईपाशी बसले. रोज दिसणारं झाड, कधी धड बघितलेलं नाही. पाच पाकळ्या, फिकट जांभळ्या, मधोमध लहानसा मुकुट. पान तोडलं की पांढरा चीक. पाऊस येवो न येवो, ढोरांनी तोंड लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, तरी ही बाई फुललेली. तिथंच मांडीवर वही ठेवून मी ती काढली. पत्रिकेच्या चारी कडांनी रुई फिरली आणि पत्रिका एकदम उज्ज्वलाची झाली.

आता मॅटरचं. उज्ज्वलाला भाऊ होता, मोठा, अण्णा म्हणायची ती त्याला. वडील गेलेले, त्यामुळं निमंत्रक अण्णाच. तिनं त्याला न दुखवता सगळी रीतसर नावं घातली होती. अण्णा, वहिनी, चुलते, मामा, समस्त परिवार, खाली लहान पोरांची ओळ. आमच्याकडं पत्रिकेच्या तळाला पोरांची ओळ असतेच, आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं, आणि खाली त्यांची नावं. अण्णाच्या दोन्ही मुलींची नावं तिथं होती. पत्रिका लहान आणि नावं ढीगभर, मी कसंतरी बसवलं होतं. रुई कोपऱ्यात दबली होती. मला ते बघवत नव्हतं, पण उज्ज्वलाचा जीव त्या नावांत होता. म्हणाली, राहू द्या, ताई, माझी माणसं आहेत.

आणि मग अण्णा एकटाच दुकानात आला.

अण्णा वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. स्टुलावर बसला, पाणी प्याला, आईला नमस्कार केला. मग म्हणाला, ताई, हे थांबवा. तो तिच्या लग्नाच्या आड नव्हता. करू दे, सुखी होऊ दे, पण चारचौघांत नको. त्याच्या दोन मुली मोठ्या होत होत्या. उद्या स्थळ बघायला येणारे विचारतील, यांच्यात बायकांच्या दुसऱ्या लग्नाच्या पत्रिका निघतात का. मग काय सांगायचं? मी म्हटलं, सांगा, निघतात. त्यानं स्टूल पुढं ओढलं. मग हळूच म्हणाला, नाहीतर असं करा, छपाई लांबवा, मशीन बंद पडलंय म्हणा. लग्न उरकलं की छापा, मग काय बिघडतंय.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, अण्णा, माझं मशीन बंद पडत नाही. तेव्हा त्यानं टेबलावरचं प्रूफ ओढलं, माझंच लाल पेन उचललं आणि म्हणाला, ठीक. मग आमच्या घरातलं एकबी नाव याच्यावर दिसायला नको.

त्यानं पहिल्यांदा स्वतःचं नाव खोडलं, मग बायकोचं. चुलते खोडले, एका रेघेत. मामा खोडले. समस्त परिवार खोडला. विवाहस्थळ म्हणून त्याचं घर होतं, ते खोडलं, माझ्या दारात न्हाई म्हणाला. शेवटी खाली उतरून त्यानं पोरांची ओळही खोडली, मुलींच्या नावांवर दोनदा रेघ मारून. आई दोरा हातात धरून बघत होती. त्याला वाटत होतं की तो पत्रिका मारतोय. नावाशिवाय पत्रिका निघते हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यानं जन्मात तशी पाहिलेली नव्हती. तालुक्यात कुणीच पाहिलेली नव्हती म्हणा.

पेन ठेवून त्यानं प्रूफ माझ्याकडं सरकवलं. "आता याच्यात छापायला राहिलं काय?"

मी कागद सरळ केला आणि पाहिलं.

"नवरा-नवरी," मी म्हणाले.

खरंच, तेवढंच राहिलं होतं. दोघांची नावं, तारीख, हळदीची वेळ, लग्नाची वेळ, आणि सगळीकडं मोकळी जागा. रुईला हातपाय पसरायला जागा मिळाली होती. मी वर्षानुवर्षं ज्या पत्रिकेसाठी झुरत होते ती माझ्यासमोर पडली होती, आणि ती अण्णानं बनवली होती. त्याच्याइतकं सुंदर डिझाइन मला जमलं नसतं. बोलले नाही मी हे, पण तो गेल्यावर हसू आवरेना. आईपण हसली, पदर तोंडाला लावून.

उज्ज्वला मात्र संध्याकाळी ते प्रूफ बघून रडली. हसण्यासारखं तिच्या दृष्टीनं त्यात काही नव्हतं. एकेका लाल रेघेवर बोट ठेवून तिनं नावं वाचली. माहेर असं रेघेखाली गेलेलं बघणं सोपं नसतं. नवनाथ शेजारीच बसला होता. मग ती म्हणाली की कदाचित अण्णाचं बरोबर असेल, देवळात जाऊन हार घालून येऊ. एवढी पोलादी बाई, आणि तिला मोडायला एक लाल पेन पुरलं.

तेव्हा नवनाथ बोलला. घोडेगावचा जनावरांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. तिथं दलाल हातावर रुमाल टाकून त्याच्याखाली बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे भोवतीच्या माणसाला कळू नये.

"मी त्या बाजारात लहानाचा मोठा झालो," तो म्हणाला. "रुमालाखाली बैल घेतात, उज्ज्वला. बायको न्हाई करत."

उज्ज्वलानं प्रूफ खाली ठेवलं. मग खुर्चीवर गुडघे टेकून प्रूफ वाचत बसलेल्या ईश्वरीनं विचारलं, यात माझं नाव कुठंय? ते खरोखरच कुठं नव्हतं. पोरांच्या ओळीत अण्णाच्या मुली होत्या, कारण आत्याच्या लग्नाला भाच्याच बोलावतात. लेकीनं आईच्या लग्नाचं बोलावणं कुठल्या पत्रिकेत करायचं, हा प्रश्न आमच्यातल्या एकाही मोठ्या माणसाला सुचला नव्हता. उज्ज्वलानं डोळे पुसले, तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, लिहा, ताई. ईश्वरीनं सांगितलं तसं मी टाईप केलं. माझ्या आईच्या लग्नाला यायचं हं. तिनं शेवटी तीन उद्गारचिन्हं मागितली. मी तिन्ही दिली.

विवाहस्थळ म्हणून उपकेंद्राचा पत्ता टाकला आणि पत्रिका छापल्या. कुंकवाच्या रंगाची शाई छपाईच्या जाळीतून खाली उतरताना बघत वडील मान हलवत राहिले. दोऱ्यांची गरज नव्हती, एकच घडी होती. त्या सगळ्या घड्या आईनं एकटीनं घातल्या. मी मदतीला हात लावला तर म्हणाली, राहू दे, माझं मी करते.

मग वाटप. नवरीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका वाटत फिरणं हेही आमच्या रीतीत बसत नाही. ती फिरली. नवनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर पत्रिकांची पिशवी आणि कुंकवाचा करंडा. ज्या दारांत ती पोलिओचे थेंब घेऊन जायची त्याच दारांत गेली. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, आत चार अक्षता ठेवायच्या, या म्हणायचं आणि पुढचं दार. काहींनी पाणी विचारलं. काहींनी घरात कुणी नाही असं घरातूनच सांगितलं. एका म्हाताऱ्यानं पत्रिका हातात घेतलीच नाही, ओट्यावर ठेवा म्हणाला, आणि ती वळताच त्याच्या सुनेनं ती उचलून आत नेली. अण्णाच्या घरीही ती गेली. वहिनीच्या हातात दिली, वहिनीनं देवापुढं ठेवली.

पत्रिकेची एक ताकद आहे, ती पत्रिका छापणारीलाच कळते. फोनला बघू म्हणता येतं. व्हॉट्सॲपला अंगठा दाखवून सुटता येतं. पण हळदकुंकू लावलेला कागद एकदा देव्हाऱ्यात गेला की त्याला नाही म्हणता येत नाही. पत्रिका आलीय, जायला लागतं, एवढं एक वाक्य बायकांना घराबाहेर पडायला पुरतं.

माझ्या दुकानातही त्याचे पडसाद आलेच. एक चांगला सुशिक्षित, पांढऱ्या कपड्यातला माणूस ती पत्रिका घेऊन आला आणि काउंटरवर टाकून म्हणाला, आता असली थेरं छापणार का तुम्ही? आमच्या गावची एक पत्रिका तुमच्याकडं येणार नाही. मी म्हटलं, नका आणू. तुमच्या गावच्या पत्रिका वाचून माझे डोळे दुखतात. तो गेल्यावर वडील म्हणाले, थोडं गोड बोलत जा. मी म्हटलं, गोड बोलायला कारखाना आहे ना साखरेचा. त्या गावच्या पत्रिका नाहीत आल्या पुढं. आमच्या भाकरीचं काही अडलं नाही, चमकी थोडी कमी लागली एवढंच.

लग्न उपकेंद्राच्या क्वार्टरसमोरच्या मोकळ्या जागेत होतं. सकाळची हळद. थंडी होती, पण ऊन स्वच्छ होतं. दारात आम्ही केलेली पाटी, तिच्यावरही रुई. आम्ही पोहोचलो तेव्हा मांडवात मोजकीच माणसं होती. मग बायका यायला लागल्या. दोघी-तिघींनी मिळून, डोक्यावर पदर, काखेत पोर. बाप्ये फार नव्हते. कुणी म्हणालं दूध घालून येतायत, कुणी म्हणालं पाळी आहे पाण्याची. बायका मात्र येतच राहिल्या. नवनाथची आत्या आली, अजून गाल फुगवूनच, पण नवी साडी नेसून. अण्णाची बायको आली दोन्ही मुलींना घेऊन. पत्रिका आली मग यावंच लागलं, असं तिनं कुणीही न विचारता सगळ्यांना सांगितलं. अण्णा आला नाही. येईल असं शेवटपर्यंत वाटत होतं. नाही आला.

उज्ज्वला पिवळ्या साडीत पाटावर बसली. समोर परात, परातीत भिजवलेली हळद. ईश्वरी तिला चिकटून. आणि तिथं सगळं थांबलं. बायका गोल करून उभ्या होत्या, पण पुढं कुणी होईना. आलो इथवर ठीक, पण हिला हळद लावायची? दुसरेपणाच्या बाईला? पहिला हात कुणाचा लागणार, आणि त्या हाताचं पुढं काय होणार? ही त्याच बायांची बाळंतपणं करणारी बाई. प्रेम सगळ्यांचं होतं, पण भीती जुनी होती. एक दुसरीला तू हो म्हणत होती, दुसरी तिसरीला. वहिनीनं एक पाऊल टाकलं, मग मुलींकडं बघितलं आणि थांबली. परात तशीच. पत्रिकेत हळद छापता येते, हात छापता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पुढं होणार होते, पण माझं लग्न झालेलं नाही, मला पहिली हळद लावता येत नाही. या नियमावरही एकदा कधीतरी बोलीन.

उज्ज्वलानं मान वर केली. गर्दीतून तिची नजर फिरत फिरत पार मागं, भिंतीशी पोत्यावर बसलेल्या माझ्या आईवर थांबली. आई सवयीनं चुलीच्या बाजूलाच जाऊन बसली होती.

"मावशी," उज्ज्वला म्हणाली, "पहिली हळद तुम्ही लावा."

बायकांनी वळून पाहिलं. त्यांच्यातल्या बहुतेकींना आईचं माहीत होतं. आई क्षणभर बसूनच राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर खोचला, आणि बायकांनी करून दिलेल्या वाटेनं पुढं आली. हळद लावायला ठेवलेलं आंब्याचं पान बाजूला सारून तिनं दोन्ही हात परातीत घातले. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, मग गाल, मग कपाळ. कुठं अडली नाही, कुठं चुकली नाही, घाई केली नाही. सगळी उज्ज्वला पिवळी झाली. मग ईश्वरीनं गाल पुढं केला, तर तिलाही लावली.

शेजारची एक बाई नवल करत म्हणाली, मावशी, तुम्हाला तर सगळं रीतीनं येतंय की.

आईनं हात खाली घेतले नाहीत. "मला कुनी लावली न्हवती," ती म्हणाली. "पन कशी लावत्यात ते लई वर्सं लांबून बघून ठेवलंय."